भिजणारी पिसं, बुडणारं अंग

येडशीच्या रामलिंग घाटात सावलीतला एखादा दगड बघून बसा. खांदे सैल सोडा. श्वास चाललाय तसा चालू द्या.

रावणाने पंख छाटलेल्या जटायूची कथा लोक इथल्या देवळाशी जोडतात. आज पाहायचे आहेत ते पसरलेले पंख.

मनात एक तळं आणा. पाण्यात उभ्या वठलेल्या बाभळीवर पाणकावळा बसलाय. काळा, लांब मानेचा, चोच टोकाला वाकलेली. पंख उघडून उन्हाला धरलेत. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं. याची पिसं कडांना भिजतात. लगेच कीव करू नका. पिसांत हवा कोंडली की अंग तरंगतं, आणि याला तर माशामागे बुडी मारायची असते. पिसं भिजतात, हवा निसटते, बुडी सोपी होते. कातडीलगतचा थर तेवढा कोरडा राहतो.

एक श्वास पूर्ण घ्या. सावकाश सोडा.

आता मन कोकण किनाऱ्यावर न्या. कोळणीच्या पाटीत मुशी आहे: हातभर लांब, करडी, चपट्या निमुळत्या तोंडाची. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटं फिरवा, कानशीसारखं खरखरेल. ही शार्कच्या कुळातली. बहुतेक माशांच्या पोटात असते ती हवेची पिशवी हिला नाही. म्हणून यकृत मोठं, पाण्याहून हलक्या तेलाने भरलेलं. तेवढ्यानेही भागत नाही. पुढे जाताना छातीचे पर तिला उचलून धरतात. पोहणं थांबलं की ती खाली जाऊ लागते.

थोडं थांबा. दोघांना शेजारी ठेवा.

एकाला पाणी वर ढकलतं, दुसरीला खाली जाऊ देतं. दोघांनी आपापला मार्ग काढलाय, पण फुकट नाही. पाणकावळ्याला बुडीनंतर उन्हात बसावं लागतं. मुशीला तरंगत स्वस्थ राहता येत नाही. आपण काठावरून एकाला ओलाचिंब म्हणतो, दुसरीला अस्वस्थ. खरं तर ती त्यांच्या कसबाची रोजची किंमत आहे.

आता स्वतःकडे या. ज्या सवयीवर तुम्ही कायम चिडता, अशी एकच आठवा. ती नुसती खोड आहे, की तुम्हाला नीट जमणाऱ्या एखाद्या कामाची किंमत? खोड असेल तर सुधारा. किंमत असेल, तर आजचा दिवस ती कुरकुर न करता भरून पाहा.