फटीच्या मापाचा

कॅलेंडर आणि भिंत यांच्यामधली जागा घरात कुणाच्याच मालकीची नसते. बोटही जाणार नाही अशा त्या फटीत तळहाताएवढा कोळी दिवसभर निवांत राहतो. रात्री दिवा लावावा तर स्वारी भिंतीवर! मग आरडाओरडा, झाडूची शोधाशोध, आणि तोवर तो पुन्हा कॅलेंडरमागे.

हा शिकारी कोळी. भक्ष्यासाठी जाळं विणण्याच्या भानगडीत तो पडत नाही. दबा धरून बसतो आणि झडप घालतो. झुरळं हे त्याचं नेहमीचं खाणं, म्हणजे खरं तर काम आपलंच. तरी धडकी भरते ती त्याच्या आकाराने आणि वेगाने. गंमत अशी, की ज्या पायांमुळे तो एवढा अक्राळविक्राळ दिसतो, तेच त्याला आपल्या नजरेआड ठेवतात. ते खेकड्यासारखे बाजूंना वळलेले असतात, भिंतीलगत पसरतात. अंगही चपटं. म्हणून दिसतो मोठा आणि मावतो कुठेही. झाडाच्या सालीखाली राहायला सोयीचं हे शरीर आपल्या तसबिरींमागे आयतंच कामाला आलं.

बोटींवरही आलं. आपल्याकडे घरात सहसा दिसणारी जात हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. तिचं वर्णन निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ सालीच करून ठेवलं आहे. मालाच्या खोक्यांत, केळ्यांच्या घडांत दडून ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचली. तिकीट कुणी विचारलं नाही.

कधी मादीच्या अंगाखाली पांढरट चकती दिसते. ती अंड्यांची पिशवी, आणि तीही चपटी! अंडीसुद्धा फटीच्या मापाची. आत शेकडो जीव असतात. ते बाहेर पडेपर्यंत काही आठवडे मादी ती पिशवी जवळ बाळगते आणि त्या काळात सहसा खातही नाही. आपल्या झाडूपुढून पळणारी ती बाई बहुधा उपाशी असते. ‘कसली दांडगी आहे’ असं आपण म्हणतो ते तिलाच.

विष या कोळ्याकडे आहे, पण माणसाला त्याचा मोठा धोका नाही. मुठीत धरलंत तर चावेल, दुखेल. घरात नकोच असेल तर त्याच्यावर डबा पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि बाहेर सोडून यावं. पाय चहूकडे पसरलेले असतात, तेव्हा कागद सावकाश सरकवावा. घाईत एखादा तुटतो.