अपील करणे म्हणजे खोटे बोलणे काय?



गेल्या महिन्यात एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. बांधाच्या भांडणात त्यांच्या मुलाने भावकीतल्याच एकाचा हात कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला. तालुका कोर्टाने त्याला दोन वर्षे सक्तमजुरी दिली. "गुरुजी, पोरानं मारलं हे खरं आहे. आपण पंचशील घेतलेली माणसं. मग वर अपील करणं म्हणजे खोटं बोलणंच न्हाई का?" वकिलाने तयार केलेला मसुदा त्यांच्या हातात होता. मुलगा त्या दिवशी गावातच नव्हता, असे त्यात लिहिले होते.

हा प्रश्न उद्या तुमच्या दारीही येईल. म्हणून सांगतो, अपील ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात जाता येते. पैसा नाही म्हणून गप्प बसू नका. १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही.

परंतु हक्क बजावताना आपण काय बोलतो, हा प्रश्न उरतोच. चिथावणी होती, पहिलाच गुन्हा आहे, शिक्षा जास्त झाली, हे खरे असेल तर खुशाल मांडा. आरोपीने स्वतःविरुद्ध बोलावे अशी सक्ती राज्यघटनाही करीत नाही. गप्प राहणे म्हणजे असत्य नव्हे. मात्र 'गावातच नव्हता' म्हटले, की ज्याचा हात मोडला त्यालाच आपण खोटारडा ठरवतो. हा त्याच्यावर दुसरा घाव आहे.

कोणी म्हणेल, अंगुलिमालाला तर क्षमा मिळाली! होय, प्रसेनजित राजाने त्याला कैद केले नाही. पण भिक्षेला गेला असता लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, आणि तथागतांनी त्याला ते सोसायलाच सांगितले. आपल्या व्याख्यानांत कथेचा हा भाग बहुधा गाळला जातो.

म्हातारबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन वर्षं तो आत राहिला तर सुनेनं काय खायचं?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वकिलाकडे गेलो. ती ओळ काढा म्हटल्यावर वकीलसाहेब चिडले, अपील कमजोर होईल म्हणाले. "होऊ द्या," म्हातारबा म्हणाले.

अपील केवळ शिक्षा कमी करण्यासाठी मुदतीत दाखल झाले आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.