एकतीस इंचांचा मालक कोण?

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत रुमाल टाकून जागा धरण्यात आमच्या पिढीचे बालपण गेले. खिडकीतून आत भिरकावलेला तो रुमाल म्हणजे एक प्रकारचा मालकीहक्काचा दस्तऐवजच असे. त्यावर शिक्का नसे, सही नसे, आणि तरीही त्या जागेवर बसण्यास सहसा कोणी धजत नसे. पुढे नोकरीत असताना जमिनीचे अनेक नोंदणीकृत दस्तऐवज आमच्या हाताखालून गेले. परंतु त्या रुमालाइतका निर्विवाद मान्य झालेला कागद क्वचितच पाहावयास मिळाला. विमानातील आसनासंबंधी लिहिताना सुरुवात रुमालापासून का, ते पुढे येईलच. हा विषय या त्रैमासिकास शोभेल की नाही याची शंका आम्हांसही होती. परंतु आपल्या या जुन्या वस्तीतील कितीतरी घरांतून आता मुलगा अथवा मुलगी समुद्रापलीकडे आहे, आणि पासष्टी ओलांडलेली जोडपी पंधरा-सोळा तास एका जागी बसून त्यांच्याकडे जात-येत आहेत. त्या एका जागी माणसाच्या नीतीची बरीच परीक्षा होते.

प्रथम व्यवहाराचे बोलू. प्रत्येक प्रवासापूर्वी आमचे जावई विमानाच्या बैठकीचा नकाशा पाठवितात आणि दूरध्वनीवर त्याचे निरूपण करतात. पंखांच्या आसपासच्या रांगांत हेलकावे कमी जाणवतात, कारण विमानाचा तोल तेथे सांभाळला जातो. शेपटीकडे ते अधिक जाणवतात. शेवटच्या रांगेची पाठ बहुधा मागे होतच नाही, शिवाय स्वच्छतागृहापाशी रांग लागते ती वेगळीच. सर्वांत पुढच्या, भिंतीलगतच्या रांगेत गुडघ्यांपुढे कोणी नसते; पण बाळांचे पाळणे तेथेच अडकवितात, जेवणाची फळी हातात दडविलेली असल्याने तो हात उचलता येत नाही, आणि उड्डाणाच्या वेळी पिशवीही पायाशी ठेवता येत नाही. आपत्कालीन दरवाजाजवळ पाय पसरण्यास ऐसपैस जागा असते. मात्र प्रसंग पडल्यास तो जड दरवाजा उघडून इतरांना बाहेर काढण्याची ताकद आणि तयारी असणाऱ्यांनाच तेथे बसवितात. ती रांग आमच्या वयाला वर्ज्य, आणि ते योग्यच आहे.

राहता राहिला खिडकी की वाट हा प्रश्न. खिडकीला आकाश आहे, डोके टेकण्यास भिंत आहे. वाटेकडच्या जागेला स्वातंत्र्य आहे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या आजाराला ‘इकॉनॉमी क्लास’चे नाव चिकटले होते. २०१२ साली अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने मार्गदर्शक सूचना काढून सांगितले, की स्वस्त वर्गात बसण्याने हे होते याला पुरावा नाही. दीर्घकाळ हालचाल न करणे हे कारण आहे, आणि खिडकीशी बसणारे कमी उठतात म्हणून त्यांना धोका अधिक. तेव्हापासून आम्ही वाटेकडचे झालो. आमच्या सौ. वाटेपलीकडच्या जागेवर, म्हणजे हात लांबविला तर गोळ्यांची डबी देता येते.

परंतु या हिशोबात एक गोष्ट नकाशा दाखवीत नाही. विमानातील कोणत्याही जागेचा गुण हा शेजाऱ्याच्या सोशिकपणावर उभा असतो. आम्ही वाटेवर बसलो म्हणजे आतल्या दोघांचे दार झालो. त्यांनी कधी उठावे हे आता अंशतः आमच्या झोपेवर अवलंबून. खिडकीवाला पडदा वर करतो तेव्हा तिघांवर ऊन पडते. आणि पाठ मागे करण्याचे बटन दाबले, की आपला आराम मागच्याच्या गुडघ्यांवर जाऊन टेकतो.

या बटनाचा वाद आम्हांस फार ओळखीचा वाटतो. दोन रांगांतील अंतर हल्ली साधारण एकतीस इंच असते. म्हणजे एका आसनाच्या एका बिंदूपासून पुढच्या आसनाच्या त्याच बिंदूपर्यंत. यात पाठीची जाडीही आली. आता या एकतीस इंचांतील वरची चार बोटे कोणाची? बटन पुढच्याच्या हातात दिले आहे म्हणून पुढच्याची, की गुडघे मागच्याचे आहेत म्हणून मागच्याची? ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले एक विमान याच कारणाने वाटेत शिकागोला उतरवावे लागले. मागच्या प्रवाशाने पुढचे आसन मागे येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा अडसर लावला, आणि पुढे प्रकरण पाणी फेकण्यापर्यंत गेले. त्याच वर्षी अमेरिकेतील कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी एक गमतीची विचारणा केली. सहा तासांचा प्रवास कल्पून त्यांनी लोकांना विचारले, की पाठ मागे न करण्याचे किती घ्याल? सरासरी उत्तर आले ४१ डॉलर. मागचे मात्र सरासरी १८ डॉलरच देण्यास तयार. मग त्यांनी हक्क उलटा केला: पुढील जागा मागच्याची आहे असे धरा. आता पुढचे १२ डॉलर देऊ लागले आणि मागचे ३९ मागू लागले. गरज तीच, गुडघे तेच. केवळ ‘हे तुमचे’ असे म्हटल्याबरोबर त्याची किंमत दुपटीवर गेली.

शेताच्या बांधावर आम्ही हेच पाहत आलो. तहसिलीत असताना निमाडातील दोन चुलत भावांचे एक प्रकरण आमच्यापुढे आले होते. एकाच्या शेतातून दुसऱ्याची बैलगाडी जाई. वाटण्या झाल्या आणि वाट बंद झाली. दोघांचेही कागद चोख होते. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ हिची एकशेएकतिसावी धारा अशा वेळी फार शहाणपणाचे सांगते: पूर्वापार वहिवाट काय होती ते पाहा आणि सर्व संबंधितांची सोय ध्यानात घेऊन निकाल द्या. मालक कोण, हा त्या धारेपुढचा पहिला प्रश्नच नाही. पीक उभे असताना बांधाकडेने, पीक निघाल्यावर सरळ, अशी जुनी चाल गावातील म्हाताऱ्यांनी सांगितली आणि तसा आदेश झाला. रुमालाची मातब्बरी होती ती याच वहिवाटीच्या जोरावर.

बांधावरच्या भांडणात आणखी एक गोष्ट असते: भांडणारे दोघे एकमेकांकडे पाहतात, मोजणीच्या साखळीकडे पाहत नाहीत. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ आसने बसवीत. आता पुष्कळ ठिकाणी दहा असतात. विमान काही रुंद झालेले नाही. २०१७ साली अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने या आक्रसत जाणाऱ्या आसनांचा सुरक्षिततेच्या दृष्टीने फेरविचार करण्यास तेथील विमान प्रशासनाला फर्माविले, आणि २०१८ मध्ये किमान मापे ठरविण्याविषयी कायदाही झाला. अर्धेच दरवाजे वापरून नव्वद सेकंदांत विमान रिकामे झाले पाहिजे, असा दंडक मोठ्या विमानांना आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ गुडघ्यांचा नाही. असो. आम्हांस सांगावयाची गोष्ट आमच्या स्वतःच्या वागण्याची आहे.

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या बाजूने परत येत होतो. वाटेकडच्या दोन्ही जागा आम्ही जादा पैसे भरून आधीच राखल्या होत्या. आमच्या शेजारच्या मधल्या जागेवर सहा-सात वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. त्याच्या आईची जागा शेवटून दुसऱ्या रांगेत, तीही मधली. तिने आम्हांस विनंती केली, की आपण तिकडे जाल का. आम्ही म्हणालो, “आम्ही या जागेचे पैसे भरले आहेत.” ती एवढेच म्हणाली, “हो, बरोबर आहे.” खिडकीशी बसलेला एक विद्यार्थी हे ऐकत होता. तो काही न बोलता उठला, वरची पिशवी काढली आणि मागे निघून गेला. बाई खिडकीशी बसल्या. पुढचे पंधरा तास आम्ही तिघे एका रांगेत होतो. मुलगा झोपेत आमच्या मांडीवर पाय टाकी, आणि त्याची आई दर वेळी ते ओढून घेई. घरी पोहोचल्यावर सामान उघडता उघडता आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, त्या बाईनं सबंध प्रवासात एकदाच उठवलं तुम्हाला.”

आम्ही चुकलो का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमचे दोन्ही गुडघे अधू आहेत, आणि मधल्या जागेत पंधरा तास बसणे आम्हांस खरोखर जड गेले असते. आई आणि मूल यांना एकत्र बसविणे हे तिकीट विकणाऱ्याचे काम. ते त्याने केले नाही आणि त्याचे ऋण शेजाऱ्याच्या चांगुलपणातून वसूल होऊ लागले, तर तो न्याय कसला? आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाजवळ बसवावे असे कंपन्यांना सांगितले, ते याचसाठी. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात सुचविले, की समाजाचे नियम ठरविताना आपल्या वाट्याला कोणते स्थान येणार हे आपल्याला ठाऊक नाही असे समजावे. आपल्या लोकांना ही कल्पना नवी वाटू नये. लोकमान्यांनी गीतारहस्यात आत्मौपम्यबुद्धीचा जो विस्तार केला आहे त्याच्या ती जवळची आहे. कोणती जागा मिळणार हे न कळता नियम करावयाचा झाला, तर मूल आईजवळ असावे हे आम्ही पहिल्याने लिहू. परंतु अधू गुडघ्याच्या म्हाताऱ्याने मधल्या जागेत जावे, हे लिहिणार नाही. ज्याला सोसवेल त्याने द्यावे, असे लिहू. आणि तो विद्यार्थी नेमके तेच करून गेला. त्यानेही कदाचित पैसे भरलेलेच असतील.

तेव्हा नकार आम्हांस फारसा बोचत नाही. बोचते ते त्याचे कारण. गुडघ्याचे खरे कारण जवळ असताना तोंडातून निघाले ते पैशाचे. गुडघे दुखतात असे म्हटले असते तर त्या बाईंना काही बोलता आले असते. आणखी कोणाला विचारू या, असे आम्हीही म्हणालो असतो. पैसे भरले आहेत, यावर कोणी काय बोलावे? नोकरीत आम्ही हाताखालच्यांना नेहमी बजावीत असू, की आदेश सकारण असला पाहिजे, कारणावाचूनचा आदेश अपिलात टिकत नाही. पावती दाखविणे म्हणजे कारण देणे नव्हे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? आणि मग ती बाई पंधरा तास तहान दाबून बसली असेल, तर ती आमच्या गुडघ्यांच्या भयाने नव्हे. आमच्या त्या एका वाक्याच्या भयाने.

गेल्या खेपेस जाताना जागा पुन्हा वाटेकडच्याच घेतल्या, पैसे भरूनच. बसल्याबरोबर आतल्या दोघांना सांगून टाकले, की आम्हांस झोप कमीच लागते, केव्हाही उठवा. त्यांनी उठविलेही, चांगले पाच वेळा. आम्हांसही तेवढेच पाय मोकळे करावयास मिळाले. जेवणाची ताटे उचलली गेल्यावर पाठ मागे करण्यापूर्वी आम्ही वळून मागच्या तरुणाला विचारले, की चालेल का. त्याने कानातले यंत्र काढले. प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारावा लागला. तो हसून म्हणाला, “अंकल, सीट तुमचीच आहे.” आम्ही पाठ दोन बोटे मागे केली आणि बटन सोडले.