दगडांचे निरपराधित्व

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, नीन नदीच्या काठी, फॉदरिंगे नावाचे एक लहानसे गाव आहे. आणि गवताने झाकलेले एक टेकाड व पाण्याच्या जवळ पडलेला चुनेगच्ची बांधकामाचा एक ओबडधोबड ठोकळा, एवढेच मागे ठेवून जो किल्ला तेथून नाहीसा झाला, त्यात १४५२ साली तिसऱ्या रिचर्डचा जन्म झाला होता. परंतु या स्थळाचे नाव लोकांच्या ओठी राहिले ते ८ फेब्रुवारी १५८७ या दिवसामुळे. त्या सकाळी किल्ल्याच्या महादालनात स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिचा शिरच्छेद झाला.

आदल्या ऑक्टोबरात याच किल्ल्यात तिची चौकशी झाली, तेव्हा अभिषिक्त राणी परक्या राज्याच्या पंचांपुढे जाबदार नाही, अशी हरकत तिने नोंदविली होती. वधस्थानी पीटरबरोचा डीन रिचर्ड फ्लेचर इंग्रजीत प्रार्थना म्हणू लागला, तेव्हा तिने त्याच क्षणी, त्याच येशू ख्रिस्ताला उद्देशून, मोठ्या आवाजात लॅटिनमध्ये आपली प्रार्थना आरंभिली. एका छताखाली एकाच देवाला परस्परांविरुद्ध हाक मारणारे ते दोन स्वर मनात आणले की माझे अंतःकरण आजही व्याकूळ होते.

पण मला विचारप्रवृत्त करते ती पुढची हकिकत. वध होताच तिच्या रक्ताचा स्पर्श झालेले सर्व काही, ज्यावर शिरच्छेद झाला तो लाकडी ठोकळाही, एकतर जाळण्यात किंवा धुऊन काढण्यात आले; कारण कॅथलिक भाविक त्याचे पूज्य अवशेष करतील, ही धास्ती होती. संतांच्या अस्थिवस्त्रांत काही सामर्थ्य असते हे ज्या प्रॉटेस्टंट पंथाने भ्रम म्हणून नाकारले, त्याच पंथाच्या अधिकाऱ्यांनी लाकडाच्या तुकड्याला इतके भ्यावे! जडात पावित्र्य नाही, असे जो खऱ्या अर्थाने मानतो, त्याला जडाची भीतीही वाटू नये. आणि ज्याला भीती वाटते, त्याने नाकारलेली श्रद्धा दुसऱ्या दाराने घरात घेतलेली असते.

इकडे इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिने वधाच्या हुकूमनाम्यावर स्वतः सही केलेली असूनही, तो रवाना व्हावा असा आपला इरादा नव्हता असे सांगून, आपला चिटणीस विल्यम डेव्हिसन याला टॉवरच्या बंदिखान्यात टाकले व त्याच्यावर १०,००० मार्कांचा दंड बसविला. कर्त्याने कर्म असे झटकले की ते कोणाच्या तरी माथी बसावेच लागते, आणि लोकमानसाने ते अखेर वास्तूच्या माथी मारले: मेरीचा पुत्र जेम्स इंग्लंडच्या गादीवर येताच त्याने आईच्या वधाचा सूड म्हणून या किल्ल्यावर गाढवाचा नांगर फिरविला, अशी आख्यायिका रूढ झाली. ती खोटी आहे. जेम्स १६२५ साली वारला आणि किल्ला पाडला गेला तो त्यानंतर. त्याचे दगड इतर बांधकामांत गेले.

माझ्या मते ही आख्यायिका केवळ इतिहासदृष्ट्या नव्हे, धर्मदृष्ट्याही चुकीची आहे. दोष संकल्पात असतो, भिंतीत नसतो. भिंत पाडून ज्याचे समाधान होते, तो कर्त्याला मोकळा सोडतो. जेम्सने खरोखर केले ते निराळेच. १६१२ साली त्याने आईचा देह पीटरबरोहून वेस्टमिन्स्टर अॅबीत आणविला, आणि तेथे सातव्या हेन्रीच्या प्रार्थनामंदिरात मेरी दक्षिण दालनात व एलिझाबेथ उत्तर दालनात, अशा दोघी आजही एकाच छताखाली निद्रिस्त आहेत.