यंत्राचा विशेष

सगळ्या गाईंमध्ये ‘गोत्व’ खरोखर असतं, की ती आपल्या बुद्धीची सोय? या प्रश्नावर आपल्या दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला. वैशेषिकांनी अशा ‘सामान्या’ला पदार्थांत स्थान दिलं आणि त्याच्या शेजारी ‘विशेष’ही बसवला, म्हणजे एकाला दुसऱ्यापासून वेगळं ठरवणारं तत्त्व. दिङ्नागासारख्या बौद्ध तार्किकांनी सामान्य साफ नाकारलं. आजोबांकडे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकले तेव्हा मला सामान्य खरं मानणाऱ्या नैयायिकांची बाजू सहज पटली. आता पुण्यात मी फर्मवेअर लिहिते, म्हणजे बटण दाबल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी चालणारा कोड. तिथे हा वाद रोज समोर येतो.

मी काम करते ते कोअरबूटवर. १९९९ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायोस’ नावाने सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प आज शेकडो मदरबोर्डांवर चालतो. चिपसेटचा कोड सामायिक, पण प्रत्येक बोर्डाची डिरेक्टरी वेगळी: कुठली पिन कशाला जोडली आहे, कुठला पोर्ट वापरात आहे.

जुना थिंकपॅड एक्स२२० घ्या. चालू होताना त्याच्यात रॅम बसवलेली असते, पण तिच्याशी बोलायचं कसं हे प्रोसेसरला ठाऊक नसतं. म्हणून आमचा कोड तेवढा वेळ कॅशलाच रॅम मानून चालतो. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची बारीकशी चिप असते, तिच्यात क्षमता, वेग, टायमिंग लिहिलेलं असतं. हे शब्दप्रमाण: कारखान्याने सांगितलं, आपण मानलं. तेवढ्यावर भागत नाही. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कमी-जास्त लांबीच्या, त्यामुळे सिग्नल मागे-पुढे पोचतात. मग ट्रेनिंग सुरू होतं. ठरावीक बिट लिहायचे, परत वाचायचे, विलंब एकेक पायरी सरकवायचा, वाचन बिघडतं ती दोन्ही टोकं गाठायची आणि मधली जागा धरायची. प्रत्येक लेनसाठी, म्हणजे सिग्नलांच्या प्रत्येक गटासाठी, हे निराळं. एकाच मॉडेलच्या दोन पट्ट्यांचेही आकडे तंतोतंत जुळतील असं धरून चालता येत नाही. इथे प्रत्यक्षच लागतं. सापडलेले आकडे फ्लॅशमध्ये जपून ठेवतात खरे, पण पट्टी बदलली की ते टाकायचे आणि पुन्हा मोजायचं.

काटेकोर वैशेषिक म्हणेल, पट्टीपट्टीतला हा फरक म्हणजे ‘विशेष’ नव्हे. विशेष फक्त परमाणूंसारख्या नित्य द्रव्यांत असतो, आणि प्रशस्तपादांच्या मते तो योग्यांनाच दिसतो. मान्य. पण मला त्या आचार्यांची वृत्ती मोलाची वाटते: हुबेहूब सारख्या दोन वस्तूंपुढेही ‘हे आणि ते एकच’ म्हणायची घाई नाही.

आपल्याकडे मात्र ‘सगळं एकच आहे’ हे फार लवकर म्हटलं जातं. एकत्व खरं आहे, पण ते भेदांतून गेल्यावरच हाती लागतं, असं मला कळकळीने वाटतं. पुण्यातच त्याचा दाखला आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं मोहन तांबे आणि सहकाऱ्यांचं जिस्टचं, म्हणजे संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं, काम इथल्या सी-डॅक या संस्थेत पुढे गेलं. जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवरचे तयार प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की या संकेत-मानकात ‘क’चा संकेत देवनागरी, बंगाली, तेलुगू सगळ्यांना एकच. आणि तरीही ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक हरवू नये म्हणून ‘ऱ’च्या अर्ध्या रूपाला तिथे जागा आहे. तमिळला ‘ख’ लागत नाही, हेही त्या एकतेत सामावलेलं आहे.

हे भेद पाहायची सोय मात्र सगळीकडे नसते. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर रॅम उठवण्याचं काम एफएसपी नावाच्या बंद फाईलकडे आहे. शब्दप्रमाण मानायला नैयायिक आप्ताची अट घालतात: आहे तसं सांगणारा. ही फाईल आपण काय करते ते उलगडून सांगतच नाही, ती नुसती चालते. तिच्यावर विश्वास ठेवणं याला श्रद्धा म्हणायला माझं मन तयार नाही. श्रद्धेला निदान विचारण्याची मुभा असते. एक्स२२०च्या पिढीसाठी स्वयंसेवकांनी हार्डवेअरचं वागणं तपासून तपासून रॅमचा कोड स्वतः लिहिला. कॉलेजची मुलं शिकायला येतात, तेव्हा मी आधी तोच लॅपटॉप त्यांच्या हाती देते. लॉगमध्ये प्रत्येक लेनचा विलंब त्यांना एकेक करून वाचता येतो, आणि तो तसा का ठरला हे कोडच्या ओळीवर बोट ठेवून विचारता येतं.