नवख्याने दोष दाखवावा का?

संघ असो, मठ असो की पंथ, तो काही वर्षे टिकला की त्याच्यापुढे एक नैतिक प्रश्न हमखास उभा राहतो. काल-परवा आलेल्या माणसाने जुन्यांच्या वागण्यात खोट काढली, तर ती ऐकून घ्यावी, की आधी इथली रीत शिक म्हणून त्याला गप्प बसवावे? दोन्ही बाजूंना वजन आहे. नवख्याला रीतीमागचे कारण ठाऊक नसते, त्यामुळे तो चुकण्याचा संभव मोठा. पण जे जुन्यांच्या अंगवळणी पडून दिसेनासे झालेले असते, ते त्याला पहिल्याच दिवशी खुपते. धर्मसंघांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला, कारण तिथे माणूस आयुष्यभरासाठी येतो आणि रोज त्याच माणसांसोबत राहतो. बौद्ध भिक्षुसंघाचे विनयपिटक आणि इटलीतल्या संत बेनेडिक्टची सहाव्या शतकातली मठाची नियमावली, या दोहोंत त्याचे उत्तर सापडते.

दोन्ही ठिकाणी ज्येष्ठता मोजण्याची पद्धत एकच आहे: वय, कुळ किंवा विद्वत्ता पाहायची नाही, आधी कोण आला ते पाहायचे. बेनेडिक्टच्या मठात दिवसाच्या पहिल्या तासाला आलेला दुसऱ्या तासाला आलेल्याहून वडील. विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागातली उपालीची कथाही हेच सांगते. शाक्य राजपुत्रांनी आपला न्हावी उपाली याला स्वतःच्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे पुढे त्याला वंदन करावे लागून कुळाचा ताठा उतरेल. ही व्यवस्था चांगलीच आहे. जातीचा आणि पैशाचा मान तिने एका फटक्यात मोडला. पण तिच्यातूनच दुसरा ताठा जन्मतो, तो आधी आल्याचा. प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

ही गाठ सोडवणारा भिक्षुसंघाचा विधी म्हणजे पवारणा. विनयपिटकाच्याच महावग्ग या भागात तिच्या उगमाची कथा येते. काही भिक्षूंनी कोसल देशात एकत्र वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, केला. भांडण होऊ नये म्हणून त्यांनी एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. भिक्षेहून आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पाय धुवायला पाणी ठेवावे. शेवटी येईल त्याने आवराआवर करावी. पाण्याचा घडा एकट्याला उचलला नाही, तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवावे आणि दोघांनी मिळून तो हलवावा, पण तोंडातून शब्द काढू नये. तीन महिने असे काढून ते श्रावस्तीला आले आणि आपण सलोख्याने राहिलो म्हणून सांगू लागले. बुद्धांनी त्यांना शाबासकी दिली नाही. हे जनावरांसारखे एकत्र राहणे झाले, अशा अर्थाने त्यांनी भिक्षूंची कानउघाडणी केली आणि वर्षावासाच्या अखेरीस पवारणा करण्याचा नियम घालून दिला.

पवारणा म्हणजे आपले दोष दाखवण्याची इतरांना केलेली विनंती. एका खांद्यावर उत्तरासंग, म्हणजे वरचे वस्त्र, घेऊन, उकिडवे बसून, हात जोडून प्रत्येक भिक्षू संघाला तीन वेळा विनवतो: माझ्याबद्दल काही पाहिले, ऐकले किंवा मनात शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा, मी ते सुधारीन. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ स्थविरापासून होते. काल आलेल्या भिक्षूची पाळी येईपर्यंत त्याने संघातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला हात जोडलेले पाहिलेले असते. धीटपणा गोळा करून तोंड उघडण्याचे ओझे त्याच्यावर राहत नाही, कारण विचारणा समोरूनच झालेली असते. पवारणेचे मर्म यात आहे. संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात तर श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः बुद्धच पाचशे भिक्षूंना आपल्या कायेत किंवा वाचेत काही निंद्य दिसते का, असे विचारतात.

हा विधी चालू असताना स्थविर उकिडवे बसलेले आणि काही उद्धट भिक्षू मात्र आसनावर, असे घडले. तेव्हा विधी संपेपर्यंत सर्वांनीच उकिडवे बसावे असे ठरले. मग एक म्हातारा भिक्षू तसा बसून बसून भोवळ येऊन पडला. तेव्हा नियम पुन्हा बदलला: स्वतःची विनंती होईपर्यंत उकिडवे बसायचे, मग आसनावर बसायला हरकत नाही. नियम करणाऱ्यानेही तो अनुभवाने दुरुस्त केला, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही.

रोजच्या जगण्यातही शिष्याला जागा ठेवली आहे. उपाध्याय बोलत असताना शिष्याने मध्ये बोलू नये. पण बोलता बोलता ते दोषाच्या जवळ पोचले, तर मात्र त्यांना थांबवावे. सेवा आणि दुरुस्ती ही एकाच कर्तव्याची दोन अंगे मानली गेली. अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, सारिपुत्ताचा प्रसंग आहे. सात वर्षांच्या श्रामणेराने, म्हणजे नवशिक्या बालभिक्षूने, त्याला अंतरवासकाचे, म्हणजे खालच्या वस्त्राचे, टोक लोंबत असल्याचे सांगितले. बुद्धांचा तो अग्रश्रावक बाजूला गेला, वस्त्र नीट केले आणि परत येऊन हात जोडून त्या मुलाला विचारले, आता ठीक आहे का?

अर्थात बोलणाऱ्यालाही मोकळे सोडलेले नाही. दोष दाखवणाऱ्याने योग्य वेळ पाहावी, खरे तेच बोलावे, मृदू बोलावे, ऐकणाऱ्याच्या हिताचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. शिवाय ज्याच्यावर आरोप करायचा, त्याची आधी परवानगी घ्यावी. आपण बरोबर आहोत एवढ्यावर कोणालाही वाटेल तसे बोलण्याची मुभा मिळत नाही.

ऐकायला मुळीच तयार नसलेल्या जुन्या माणसाचे उदाहरण म्हणजे छन्न. परंपरा त्याला सिद्धार्थाचा सारथी मानते. बुद्ध आमचा, धम्म आमचा. तुम्ही वाऱ्याने गोळा झालेल्या पाल्यापाचोळ्यासारखे नाना कुळांतून आलेले, तुम्ही मला काय शिकवणार, असा त्याचा पवित्रा होता. दुसऱ्याचे ऐकून न घेणे हा संघादिसेस, म्हणजे गंभीर दोषांपैकी एक ठरला, तो त्याच्या निमित्ताने. अखेर बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर त्यांचा शिष्य आनंद याने कोसंबीला जाऊन त्याला ब्रह्मदंड सुनावला: छन्नाने काहीही बोलावे, त्याच्याशी मात्र कोणी बोलणार नाही. जो आपल्याला काही सांगू देत नव्हता, त्याला कोणीच काही सांगेनासे झाले. ते ऐकून तो मूर्च्छित पडला, आणि पुढे एकांतात साधना करून अर्हत झाला.

बेनेडिक्टची नियमावली रचनेने अधिक कडक आहे. नव्याला दारातून सहज आत घेत नाहीत. चार-पाच दिवस त्याला दाराशी ताटकळत ठेवावे आणि वर्षभर पारखावे. पण तिसऱ्या अध्यायात महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सर्व बंधूंना सल्ल्यासाठी बोलवावे असे सांगून कारण दिले आहे, की पुष्कळदा उत्तम गोष्ट प्रभू धाकट्यालाच उघड करतो. एकसष्टावा अध्याय याच्याही पुढे जातो. परगावचा एखादा संन्यासी पाहुणा म्हणून उतरला आणि त्याने नम्रपणे, मायेने एखादी उणीव दाखवली, तर मठाधिपतीने विचार करावा: प्रभूने याला कदाचित याच कामासाठी पाठवले असेल. पाहुणा मात्र मागण्या करणारा, दुर्गुणी निघाला, तर त्याला सभ्यपणे निरोप द्यावा. मठामागून मठ तीन-चार दिवस राहत हिंडणाऱ्या संन्याशांविषयी बेनेडिक्टला तिटकाराच होता. तरीही त्यांच्यामुळे त्याने पाहुण्याचे तोंड बंद केले नाही.

इथे निवाडा एकट्या मठाधिपतीच्या हाती आहे आणि तोच या व्यवस्थेचा दुबळा भाग आहे. पवारणेत स्थविर स्वतः संघापुढे उकिडवा बसतो. बेनेडिक्टच्या मठाधिपतीवर तशी पाळी येत नाही. बेनेडिक्टला हा धोका दिसला असावा. मठातल्यांनी संगनमत करून त्यांच्या दुर्गुणांवर पांघरूण घालणारा अधिपती निवडला, तर त्या भागातल्या बिशपने, शेजारच्या मठाधिपतींनी आणि साध्या श्रद्धावंतांनीही मध्ये पडून ती निवड हाणून पाडावी, असे चौसष्टाव्या अध्यायात त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे.