पाण्याखालचा अपराध

सामना सुरू होण्यापूर्वी पंचाने दोन्ही संघांतील प्रत्येक खेळाडूची नखे तपासावीत, अंगाला तेल अथवा अन्य कोणताही स्निग्ध पदार्थ चोपडून कोणी पाण्यात उतरू नये, आणि प्रतिपक्षाला इजा होण्याचा संभव असलेली प्रत्येक वस्तू, मग ती गळ्यातील साखळी असो की बोटातील अंगठी, काठावरच उतरवून ठेवावी, असा वॉटरपोलो या खेळाचा दस्तूर आहे. शालेय स्पर्धेची नियमावली तयार करताना या कलमाची बोळवण एखाद्या ओळीत होण्याचा संभव फार; मला मात्र सबंध नियमपुस्तकात हेच कलम सर्वांत अर्थगर्भ वाटते. ओल्या फरशीवर मुले ओळीने उभी आहेत, कान झाकणाऱ्या टोप्यांच्या नाड्या हनुवटीखाली बांधल्या आहेत, दोन्ही हात पालथे करून पुढे धरले आहेत, आणि पंच एकेका बोटाच्या टोकावरून आपला अंगठा सावकाश फिरवीत पुढे सरकतो आहे. ज्या हाताची येथे इतकी कसून तपासणी होते तो हात एकदा पाण्याखाली गेला म्हणजे काय करील हे कोणालाही दिसणार नाही, याची कबुलीच या तपासणीत दिलेली असते.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूस सात गडी, त्यांपैकी एक गोलरक्षक. एका पक्षाच्या टोप्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या गडद निळ्या, गोलरक्षकांच्या मात्र तांबड्या. प्रत्यक्ष खेळाच्या आठ-आठ मिनिटांचे चार डाव. गोलरक्षकाला त्याच्या गोलापुढील ठरलेल्या हद्दीत ज्या सवलती आहेत त्या सोडल्या तर कोणीही चेंडू दोन हातांनी धरावयाचा नाही, तळाला पाय टेकावयाचा नाही, आणि प्रतिस्पर्धी अंगाला भिडला असता चेंडू पाण्याखाली दडपावयाचा नाही. ज्याच्या हाती चेंडू नाही त्याला धरणे, बुडविणे किंवा मागे ओढणे हा मोठा अपराध. त्याबद्दल काही सेकंदांपुरती हकालपट्टी होते, आणि अशी हकालपट्टी तिसऱ्यांदा झाली की उरलेल्या सामन्याला तो खेळाडू मुकतो. तलावाच्या दोन्ही बाजूंनी दोन पंच शिट्टी घेऊन फिरत असतात. त्यांना दिसतात ती मस्तके, खांदे, वर उचललेले हात आणि उडणारे पाणी. पोहण्याचा वेष ओढून धरणारी मूठ, पोटरीवर बसलेली लाथ, कमरेला घातलेला विळखा हे सारे त्यांच्या दृष्टीच्या पलीकडे घडते. हुतूतूत किंवा कुस्तीत संपूर्ण देह पंचासमोर असतो. येथे कायद्याचा अंमल पाण्याच्या पृष्ठभागापाशी संपतो आणि देहाचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच्या हद्दीबाहेर राहतो.

हा विचार मी जामुलच्या संदर्भात मांडतो आहे, त्याला कारण आहे. छत्तीसगडातील भिलाईला लागून असलेले हे गाव बाहेरच्या जगाला सिमेंटच्या कारखान्यामुळे माहीत झाले. जवळच नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. या भूभागाशी मराठी माणसाचा ऋणानुबंध भोसल्यांच्या अंमलापासूनचा. १९५६ च्या प्रांतरचनेपर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर हीच होती, आणि पुढे पोलादाच्या कारखान्याने विदर्भातील कित्येक कुटुंबांना येथे आणून वसविले. परंतु कारखान्यांच्या पुष्कळ आधीपासून छत्तीसगड हा तलावांचा देश आहे. गावोगावी 'तरिया' आहे, त्याला उतरण्यासाठी 'पचरी' आहे, आणि विधिपूर्वक लग्न लावलेल्या तलावाच्या मध्यभागी त्या विवाहाची खूण म्हणून लाकडी स्तंभ उभा असतो. ज्या प्रदेशात जलाशयाला कुटुंबातील व्यक्तीप्रमाणे संस्कार करून समाजात दाखल करून घेतात, तेथील मुलांना पाण्यातला सांघिक खेळ शिकवावा ही कल्पना मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच तो खेळ ज्या नियमांनी शिकवावयाचा त्यांचा पाया कोठे आहे हा प्रश्न तेथील शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो.

प्रश्न जुना आहे. जेथे पाहणारा कोणी नाही तेथे मनुष्याला नियम का बांधतो? प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये अदृश्य करणारी अंगठी सापडलेल्या मेंढपाळाची कथा येते, आणि अशी अंगठी सज्जनाला व दुर्जनाला एकेक दिली तर दोघांच्या वर्तनात अंतर उरणार नाही असा पक्ष तेथे आग्रहाने मांडला जातो. आपल्याकडे कौटिल्याने, पाण्यात वावरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळणे अशक्य, तसेच राजाच्या कामावर नेमलेला अधिकारी धन केव्हा गिळतो हेही कळत नाही, असे अर्थशास्त्रात बजावून ठेवले आहे. कौटिल्याचा उपाय हेर, हिशेब आणि दंड. वेदातील ऋषींनी याच्याही पुढची तजवीज केली: जलांचा स्वामी जो वरुण तोच ऋताचा रक्षक, त्याचे हेर सर्वत्र फिरतात, आणि दोन माणसे एकांतात मसलत करीत असली तरी तेथे तो तिसरा हजर असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. हातात पाणी घेऊन संकल्प सोडण्याची आपली रीत याच श्रद्धेच्या कुळातली असावी.

वरुणाच्या या कल्पनेचे उदात्तत्व मला मान्य आहे. तरीही, मुलांना नीती शिकविण्याच्या कामी ती पुरेशी आहे असे मला वाटत नाही. कारण देव पाहतो म्हणून लाथ मारू नये असे ज्याला सांगितले त्याच्या मनात दंडाचेच भय राहिले, पंचाच्या जागी अधिक तीक्ष्ण दृष्टीचा पंच आला एवढाच फरक. नियमाचे बंधन याहून खोल आहे, आणि ते समजण्यास क्रीडेसारखे दुसरे क्षेत्र नाही. चोराने लांबविलेला रुपया चोराच्या हाती गेला तरी रुपयाच राहतो. बाजारात त्याचे धान्य मिळते. चोरलेल्या विजयाचे तसे नाही. वॉटरपोलोतील गोल म्हणजे काही चेंडू जाळ्यात जाणे नव्हे, तसा तो तलाव रिकामा असताना एखादा रखवालदारही टाकू शकेल. पाय न टेकता, एका हाताने, प्रतिपक्षाला न बुडविता चेंडू जाळ्यात नेणे याला गोल म्हणतात. ज्याने रक्षकाला पाण्याखाली लाथ मारून वाट काढली त्याच्या खात्यावर पंचाने गोल मांडला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, पेलाही त्यालाच मिळाला. पण जी वस्तू मिळविण्यासाठी तो पाण्यात उतरला होता ती त्याला मिळालीच नाही. येथे अपराध आणि त्याचा दंड एकाच क्षणी घडून जातात, मधे साक्षीदाराची गरज पडत नाही.

यावर एक बलवान आक्षेप आहे, आणि तो आपल्या महाभारतातच उभा आहे. युद्धाच्या अठराव्या दिवशी सर्व सैन्य संपल्यावर दुर्योधन द्वैपायन ऱ्हदात शिरला आणि मायेने पाणी थिजवून त्याखाली लपून राहिला. व्याधांकडून ठावठिकाणा कळल्यावर पांडव काठावर आले; युधिष्ठिराने त्याला बाहेर बोलाविले, आणि आम्हां पाचांतील कोणाही एकाशी आवडीच्या शस्त्राने लढ व जिंकलास तर राज्य तुझे, अशी विलक्षण उदार, कृष्णाच्या मते अविचारी, अट घातली. पाण्याखाली दडलेला माणूस वर आला तो नियमावर विश्वास ठेवून वर आला, हे विसरता येत नाही. पुढे भीमाशी गदायुद्ध झाले. दोघांचाही गुरू बलराम तीर्थयात्रेहून परतून तेथे येऊन बसला होता. भीम सरळ मार्गाने जिंकणार नाही हे कृष्णाने अर्जुनाला सांगितले, अर्जुनाने आपल्या डाव्या मांडीवर थाप मारून खूण केली, आणि प्रहार चुकविण्यासाठी दुर्योधनाने उडी घेतली त्या क्षणी भीमाने त्याच्या मांड्या फोडल्या. नाभीखाली गदा हाणावयाची नाही हा त्या शास्त्राचा मूलभूत दंडक. बलराम नांगर उचलून भीमावर धावला. कृष्णाने त्याला मिठी मारून आवरले. द्यूतसभेत भीमाने केलेली प्रतिज्ञा, मैत्रेयांचा शाप, कलियुगाचा आरंभ, सगळी कैफियत ऐकविली. बलरामाचे समाधान झाले नाही. भीम जगात कपटाने लढणारा म्हणून ओळखला जाईल, असे बोलून तो रथात बसून द्वारकेला निघून गेला. आणि व्यासांनी पुष्पवृष्टी करविली ती मरणाऱ्या दुर्योधनावर.

आक्षेप असा, की येथे नियमभंगाने मिळालेली वस्तू खोटी नव्हती. राज्य खरे होते, ते पांडवांना खरोखर मिळाले, आणि द्रौपदीच्या विटंबनेचे परिमार्जनही खरे होते. मग माझा सिद्धांत कोठे राहिला? मला वाटते, कृष्ण आणि बलराम दोघेही एकाच घटनेकडे पाहत असले तरी एकाच प्रश्नाला उत्तर देत नव्हते. कृष्णापुढे राज्य होते, तेरा वर्षांचा वनवास व अज्ञातवास होता, भर सभेत झालेला स्त्रीचा अपमान होता. त्याच्या तराजूत गदायुद्धाचा नियम हे एक वजन होते, एकमेव नव्हे. बलराम उस्ताद होता. ज्या विद्येत त्याने दोन्ही शिष्यांना घडविले तिच्या दृष्टीने तेथे गदायुद्ध झालेच नाही, एक मनुष्य जायबंदी झाला. राजकारणाच्या इन्साफात कृष्णाची बाजू मांडता येते, आणि थोर थोर लोकांनी ती मांडली आहे. शाळेच्या तलावावर मात्र बलरामाचाच अंमल चालला पाहिजे, कारण तेथे खेळापलीकडे मिळवावयाचे असे काहीही नसते. 'शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे', 'मुलाची राज्याच्या संघात निवड व्हायची आहे', असे म्हणून जो शिक्षक पाण्याखालच्या लाथेकडे काणाडोळा करावयास शिकवितो तो कृष्णाची सबब उचलतो. त्या सबबीमागची द्रौपदी मात्र त्याच्यापाशी नसते.

तलावात राजकारण उतरले म्हणजे काय होते हे जगाने १९५६ साली पाहिले. त्या वर्षी नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला, आणि ६ डिसेंबर रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये हंगेरी व सोव्हिएत संघ वॉटरपोलोत समोरासमोर आले. हंगेरी चार गोलांनी पुढे असताना सोव्हिएत खेळाडूचा ठोसा एर्विन झादोर या हंगेरियन तरुणाच्या डोळ्याखाली बसला, तो रक्तबंबाळ होऊन वर आला, प्रेक्षक खवळून उठले, आणि सामना वेळेपूर्वीच थांबवून हंगेरीला विजयी ठरविण्यात आले. त्याच काळात सोव्हिएत साहाय्याने भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी चालली होती. ते अभियंते व कारागीर येथे परिश्रमी पाहुणे म्हणूनच वावरले. एकाच राष्ट्राची माणसे भट्टीपाशी एक आणि तलावात दुसरी झाली. आपल्या देशाच्या वाट्याला या खेळात सुखद स्मृती आहे: १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत वॉटरपोलोचे सुवर्णपदक भारताने जिंकले होते.

नियमपुस्तकातील आणखी एका कलमाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अपराध डोळ्यांनी पाहूनही, शिट्टी वाजविल्याने अपराध्याच्याच पक्षाचा लाभ होणार असेल तर पंचाने ती वाजवू नये, असे त्यात सांगितले आहे. चेंडू घेऊन गोलाकडे झेपावणाऱ्याला मागून कोणी खेचले, तो निसटून पुढे गेला, आणि त्या क्षणी पंचाने खेळ थांबविला तर ज्याने खेचले त्याचा हेतू पंचाच्याच हातून सिद्धीस जावयाचा. दंड हे न्यायाचे साधन आहे, न्याय नव्हे, हा भेद पुष्कळ दिवाणी-फौजदारी दप्तरांतून मला इतक्या स्वच्छपणे आढळलेला नाही. पाहूनही गप्प राहणाऱ्या पंचावर चिडणाऱ्या पालकांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे. आणि ज्या मुलाला न्यायाधीशाच्या मौनातही न्याय असू शकतो हे वयाच्या चौदाव्या वर्षी तलावात उमगले, त्याला पुढे आयुष्यात दैवाच्या मौनाशी झगडताना थोडा अधिक धीर राहील, अशी माझी समजूत आहे.

जामुल-भिलाईच्या शाळांतील शिक्षकांनी जेव्हा केव्हा वॉटरपोलोची स्पर्धा मुकर्रर करावी तेव्हा तलावाचे माप, डावांची लांबी, चेंडूचे वजन मुलांच्या वयाप्रमाणे खुशाल कमी-जास्त करावे. उथळ टोकाला पाय टेकत असतील तर दोरी बांधून तो भाग वगळावा. माझी विनंती निराळीच आहे. कुरुक्षेत्रावर पहिला बाण सुटण्यापूर्वी कौरव-पांडवांनी एकत्र येऊन युद्धाचे नियम ठरविले होते. त्याच रीतीने दोन्ही संघांना काठावर एकत्र उभे करून सर्व कलमे मोठ्याने वाचून दाखवावीत, नुसत्या कर्णधारांच्या हाती कागद देऊन मोकळे होऊ नये. आणि पंचाला न दिसलेला आपला अपराध जो मुलगा हात वर करून स्वतः सांगेल त्याच्या प्रतिपक्षाला चेंडू द्यावा, पण तो अपराध त्याच्या तीन हकालपट्ट्यांत मोजू नये, असे एक कलम नियमावलीत घालावे. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात असे कलम नाही. शाळेला ते घालण्यासाठी कोणाच्या सनदेची गरज नाही.